लेक प्रार्थनेत डोळे मिटत नाही

पत्र :

मावशी, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आता दहा वर्षं पिंपरीत राहतो. लेक सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. सासूबाई आमच्याकडेच असतात. यांना चाकणला शिफ्ट असते, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार तरी मुलांना घेऊन मी एकटीच चर्चला जाते. मुलांची शाळा इंग्रजी, उपासना मराठी. दोन तास त्यांना बसवून ठेवताना माझा जीव जातो.

जूनमध्ये माझे वडील गेले. ते आजारी होते तेव्हा लेकीने दोन महिने रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना केली. ते गेल्यावर मला म्हणाली, "येशूने माझं ऐकलंच नाही." तेव्हापासून कौटुंबिक प्रार्थनेत ती डोळे मिटत नाही, आमेन म्हणत नाही. सासूबाई रागावतात. त्यांची प्रार्थना अर्धा तास चालते. धाकटा चुळबुळ करतो, मी त्याच्यावर ओरडते, शेवटी कोणीतरी रडतं आणि मग आम्ही जेवायला बसतो.

त्यात गणपतीत नवीनच झालं. लेक समोरच्या घरातल्या मैत्रिणीला म्हणाली, "तुमचा बाप्पा खोटा आहे, आमचाच देव खरा." ती पोर रडत घरी गेली. तिची आई काही बोलली नाही, पण तेव्हापासून त्यांचं दार लोटलेलं असतं. सासूबाई म्हणाल्या, पोरीने साक्ष दिली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा अपराधी वाटलं.

खरं सांगायचं तर वडील गेल्यापासून माझीच प्रार्थना होत नाही. त्यांचं बायबल कपाटात आहे, उघडवत नाही. मग मी मुलांना शिकवते ते खोटंच नाही का? नाही म्हणायला परवा जेवणाआधी धाकट्याने डोळे मिटून म्हटलं, "येशू, लोणच्यासाठी थँक्यू, आणि भिंतीवरच्या पालीसाठी पण." सासूबाई सोडून सगळे हसले. लेकसुद्धा हसली.

– एक आई, पिंपरी

उत्तर :

पोरी, जय ख्रिस्त.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पालीपाशी थांबले. तू ते जाता जाता लिहिलंस, मी मात्र तिथूनच सुरुवात करते. चार वर्षांच्या मुलाला भिंतीवर पाल दिसली, आवडली, आणि ती ज्याने केली त्याला तसं सांगावंसं वाटलं. हे त्याला कोणी पाठ करून दिलेलं नाही. तुझ्या घरातली प्रार्थना आटली आहे असं तुला वाटतंय, पण ती त्या पोराच्या तोंडून वाहते आहे.

मी एकतीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, लहान मुलांचा वर्ग घेतला. एका मुलाने एकदा विचारलं, "बाई, 'आमची रोजची भाकर' असं म्हणतात, पण आमच्या घरी पोळीच असते. मग आम्हाला नाही का मिळणार?" मी म्हटलं, "तू पोळी म्हण." पुढे कितीतरी रविवार सगळ्या वर्गाच्या वर त्याचा एकट्याचा आवाज यायचा, "आमची रोजची पोळी!" त्या वर्गात प्रभूची प्रार्थना कळून म्हणणारा तो पहिला मुलगा होता असं मला आजही वाटतं.

चर्चमधलं मराठी मुलांना जड जातं याची फार काळजी करू नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकशी झगडत सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, आणि ते प्रसिद्ध झालं 1924 साली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्यात घातली ती एवढ्याचसाठी, की साध्यासुध्या बायकांना वचन वाचून कळावं. तुझ्या घरातली साधी भाषा म्हणजे 'थँक्यू' आणि 'पाल'. चालेल. त्याच भाषेत गोष्टी सांग. अवघड शब्द नंतर येतात, आणि येतात तेव्हा ओळखीचे होऊन येतात.

आता लेकीबद्दल. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस तीच आहे.

ती जे म्हणाली ते पाप नाही. तिचा विश्वास गेला असंही मला वाटत नाही. ती रुसली आहे. जो नाहीच असं वाटतं, त्याच्यावर कोणी रुसत नाही. दोन महिने रोज रात्री एकाच माणसासाठी प्रार्थना करणारी सात वर्षांची पोर! आपल्या मंडळीतली किती मोठी माणसं एवढं करतात? तिने मन लावून मागितलं आणि तिला मिळालं नाही. तिला राग येणारच.

तिला काय सांगू नये ते आधी लिहिते, कारण घाईत हीच वाक्यं आपल्या तोंडून निघतात. "देवाला आजोबा आवडले म्हणून त्याने नेले" हे सांगू नकोस. मग देवाला आई आवडली तर काय, हा विचार करत ती रात्रभर जागी राहील. "तुझा विश्वास कमी पडला" हे तर कोणालाही बोलू देऊ नकोस, अगदी पाळकसाहेब असले तरी. आणि "देवाने ऐकलं, पण नाही म्हणाला" हे मोठ्यांना कदाचित पेलेल, तिला त्यातून एवढंच ऐकू येईल की आजोबांना देवाने मरू दिलं.

तू तिला खरं काय ते सांग. "आजोबा का बरे झाले नाहीत, मला माहीत नाही. मलाही ते बरे व्हायला हवे होते. मलाही रडू येतं." एवढं म्हण आणि थांब. लगेच वचन जोडू नकोस.

मग एखाद्या दिवशी, ती शांत असताना, योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातली लाजरची गोष्ट सांग. पण शेवटापासून, म्हणजे येशूने त्याला मेलेल्यांतून उठवलं तिथून नाही, मधून सांग. लाजर आजारी होता तेव्हा बहिणींनी येशूला निरोप पाठवला, आणि तो वेळेवर आला नाही. आला तेव्हा मार्था त्याच्या तोंडावर म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीया आली, तीही तेच म्हणाली. तुझ्या लेकीची तक्रार आणि या दोघींची तक्रार एकच आहे, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. येशू त्यांच्यावर रागावला नाही. तो रडला. 'येशू रडला' हे दोन शब्दांचं वचन सगळी मुलं पाठांतराला निवडतात, कारण ते लहान असतं. मीही लहानपणी तेच निवडायचे. ते किती मोठं आहे हे माझी आई गेली तेव्हा कळलं.

आणि त्याच अध्यायात पुढे बघ. कबरेपाशी येशूने प्रार्थना केली ती दृष्टी वर करून. म्हणजे उघड्या डोळ्यांनी! हे लेकीला मुद्दाम दाखव, सासूबाईंनाही दाखव. डोळे मिटणं ही आपली चांगली सवय आहे, मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून लावलेली. तो काही नियम नाही. उघडे डोळे ठेवून ती पोर तुमच्यात बसते आहे, उठून जात नाही, एवढं आज पुरे.

ती विचारेल, "मग लाजर उठला, आजोबा का नाही उठले?" हा प्रश्न येणार हे धरूनच चाल. तिला सांग की लाजरसुद्धा पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असेल, आपण ज्याची वाट पाहतो ते त्याहून मोठं आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी आजोबा आपल्याला भेटतील असा आपला विश्वास आहे, आणि तोवर त्यांच्याविना राहणं कठीण आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र सांग. पहिलं एकटंच सांगितलं तर तिला वाटेल, आता रडायला मनाई आहे. गेथशेमाने बागेची गोष्टही कधीतरी सांग. येशूने स्वतः तीनदा मागितलं की हा दुःखाचा प्याला टळो, आणि तो टळला नाही. मागूनही न मिळणं त्याला माहीत आहे. मला स्वतःला याहून मोठा आधार आजवर सापडलेला नाही.

आता तुझं. "मी शिकवते ते खोटंच नाही का?" असं विचारतेस. नाही, पोरी. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येशूकडे येतो आणि ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला तूच काहीतरी कर. तो बाप होता, मुलासाठी आला होता, अर्धामुर्धा विश्वास घेऊन आला होता, आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही. आईबापांनी भरलेली घागर घेऊनच मुलांपुढे उभं राहावं अशी अट कुठेच नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं आठव. त्यांच्या पतीचा, नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षं रडण्याची आणि ताटातुटीची होती. पण त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी आल्या, आणि आज नवऱ्याच्या बरोबरीने त्यांचा विश्वास आपल्या मंडळीला आठवतो. जाणत्या बाईला पाच वर्षं लागली. तुझे वडील जाऊन तर अजून वर्षही झालं नाही. तू स्वतःला आणि लेकीला एवढी घाई का करतेस?

फक्त एक कर. मुलांसमोर न वाटणारं बोलू नकोस, वाटतं तेच बोल. एखाद्या रात्री त्यांच्याजवळ बसून म्हण, "प्रभू, आज मला बोलवत नाही. बाबांची फार आठवण येते. आमेन." तुझी लेक त्या क्षणी तुझ्याकडे बघत असेल, तिचे डोळे उघडेच असतात. आई रडतानाही येशूशीच बोलते हे तिला दिसू दे. एकतीस वर्षं शब्बाथशाळेत शिकवूनही मला हे कोणाला देता आलं नाही. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर पाळकांशी बोल आणि डॉक्टरांकडेही जा. विश्वासात त्याने काही कमी होत नाही.

कौटुंबिक प्रार्थनेबद्दल मी थोडं स्पष्ट लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. माझ्या मुलाला मी पाहुण्यांसमोर तेविसावं स्तोत्र म्हणायला लावायचे. तो सहा वर्षांचा होता, एकही शब्द चुकायचा नाही, आणि मला अभिमान वाटायचा. चुकला तर मी डोळे वटारायचे. पंधराव्या वर्षी त्याने चर्चला यायचं सोडलं. आता तो दुसऱ्या गावी असतो, नाताळला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. तो परत येईल का, ते प्रभूला ठाऊक. पण त्या स्तोत्रातले "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे शब्द मी त्याच्यासाठी परीक्षेचे करून टाकले, हे मला माहीत आहे. तुझ्या घरात रडून संपणारी प्रार्थना मला म्हणूनच भिववते.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याबद्दल लिहिलं आहे ते पुन्हा वाच. घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता आणि उठता. चार वेळा सांगितल्या आहेत आणि त्यात मंदिर नाही. शाळेच्या बसची वाट पाहताना, भाजी निवडताना, पांघरूण घालताना. तुझ्या दिवसात या सगळ्या वेळा आहेत, अर्ध्या तासाचा हट्ट नसला तरी.

म्हणून मुलांची प्रार्थना वेगळी कर. जेवणाआधी पाच मिनिटं, एक गीत, प्रत्येकाचं एकच वाक्य. धाकट्याने पालीसाठी आभार मानले तर त्यालाही आमेन. लेकीला बोलायचं नसेल तर तिने गीताचं पान काढावं किंवा टाळ्या वाजवाव्यात. मुलं झोपली की सासूबाईंबरोबर तू बस. त्यांना असं सांग, "आई, मुलं निजल्यावर आपण दोघी बसू या. सध्या मला प्रार्थना होत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा." हे खरं आहे, म्हणून ते तुला सांगता येईल. आणि मला खात्री आहे, हे ऐकल्यावर त्या तुझ्यावर रागावणार नाहीत. त्या अर्ध्या तासात तुम्हा सगळ्यांची नावं एकेक करून येत असतील, चाकणच्या शिफ्टचंही नाव येत असेल. त्यांचा तो अर्धा तास मोलाचा आहे, तो फक्त चार वर्षांच्या पोराच्या गुडघ्यांना झेपत नाही.

सासूबाईंना मुलांसाठी दुसरं काम दे. त्यांना गोष्टी सांगू दे. आपल्या नगरकडच्या खेड्यांतल्या नाताळच्या गोष्टी. पेटी-ढोलकी घेऊन थंडीत घरोघर फिरणारं गायन, कोणाच्या ओसरीवर मिळालेला चहा, सुगीच्या उपासनेला डोक्यावरून आणलेली ज्वारी, वेदीसमोर ठेवलेली अंडी आणि पाय बांधलेली कोंबडी, मग त्यांचा लिलाव आणि एका भोपळ्यासाठी लागलेली चढाओढ. पिंपरीतल्या मुलांनी यातलं काय पाहिलंय? आजीने हे सांगितलं की मुलांना कळेल, येशू फक्त रविवारच्या बाकावर नसतो. आजीच्या लहानपणी, आजीच्या गावात, कोंबडीच्या शेजारी तो होता.

शमुवेलाची गोष्ट तुला आठवत असेलच. रात्री हाक ऐकून ते पोर तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावलं. एलीला नीट दिसत नव्हतं, स्वतःचे मुलगे हाताबाहेर गेले होते, आणि तरीही त्यानेच ओळखलं की या पोराला देव हाक मारतोय. त्याने शमुवेलाच्या वतीने उत्तर दिलं नाही. काय म्हणायचं ते सांगितलं आणि परत निजायला पाठवलं. मला या एलीचा फार आधार वाटतो. तुझ्या सासूबाईंना आणि मला, दोघींनाही एवढंच करायचं आहे.

आता समोरचं दार. इथे मी तुझ्या बाजूने आहे. तुला लाज वाटली ते बरोबर वाटली. पेत्राने पत्रात लिहिलं आहे की आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेने द्या. इथे कोणी विचारलंही नव्हतं. मैत्रिणीला रडवणं ही साक्ष नव्हे. पण लेकीला रागावण्याआधी दोन गोष्टी बघ. असं वाक्य मूल स्वतः घडवत नाही, ते कुठेतरी ऐकतं. घरात, चर्चच्या आवारात, कुठेही. आणि दुसरं, ज्या पोरीला वाटतंय की आपल्या देवाने आपलं ऐकलं नाही, तिनेच शेजारी ढोल-ताशे आणि मोदक बघून "आमचाच खरा" असं ओरडावं, यात मला तिची भीती दिसते. ती मैत्रिणीला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होती.

लेकीचा हात धरून समोरच्या दारात जा. तू आधी बोल, "ताई, माझ्या मुलीने तुमच्या लेकीचं मन दुखावलं, आम्हाला माफ करा." मग लेकीला मैत्रिणीला एवढंच म्हणू दे, "सॉरी, मी तसं बोलायला नको होतं." घरी आल्यावर ती विचारेल, "मग बाप्पा खरा का?" टाळू नकोस. "आपण येशूच्या मागे जातो. तो आपला प्रभू आहे. त्यांची पूजा त्यांना मोलाची आहे, आणि दुसऱ्याला हिणवायला येशूने कोणाला शिकवलं नाही. परक्या रोमी सेनाधिकाऱ्याच्या विश्वासाचं त्याने सगळ्यांसमोर कौतुक केलं." सात वर्षांच्या मुलीला एवढं नक्की समजतं.

प्रसादाचं तुम्ही नवरा-बायकोने आधीच ठरवा, दारात उभं राहून नको. प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल बरंच लिहिलं आहे आणि मंडळ्यामंडळ्यांत मतं वेगळी आहेत. माझ्या घरी आम्ही प्रसाद घेत नाही. माझ्या बहिणीच्या घरी शेजाऱ्याचा गोड घास म्हणून घेतात आणि आभार मानतात. आम्ही दोघी एकाच प्रभुभोजनाला बसतो. तुम्ही घ्यायचं नाही ठरवलंत तर मुलांना एक वाक्य पाठ करून दे, "थँक्यू काकू, आमच्याकडे प्रसाद घेत नाहीत, पण मी खेळायला येऊ?" त्यातलं शेवटचं टोक गाळू देऊ नकोस.

चर्चमधल्या दोन तासांसाठी थोडंसंच. मुलांना मागे नको, पुढे बसव, म्हणजे काय चाललंय ते त्यांना दिसेल. अर्पणाचं पाकीट त्यांच्या हातात दे. धाकट्याला संदेशाच्या वेळी दहा मिनिटं बाहेर झाडाखाली फिरवून आण, कोणी बघितलं तर बघू दे. आणि नवऱ्याला सांग, पहिल्या शिफ्टला निघताना झोपलेल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून एक वाक्य आशीर्वादाचं म्हणावं. मुलं झोपेत असली तरी त्यांना कळतं असा माझा अनुभव आहे.

थोड्याच दिवसांत नाताळच्या करंज्या, शेव, अनारशांची तयारी सुरू होईल. यंदा बाल्कनीतला स्टार बाजारातून आणू नका. कामट्या आणि रंगीत कागद आणून मुलांबरोबर घरी करा. वाकडा झाला तरी तोच लावा. गायनाची मंडळी घरी येतील तेव्हा मुलांना जागं ठेवा, दुसऱ्या दिवशी शाळा बुडली तरी चालेल. आणि फराळाचं पहिलं ताट समोरच्या घरी, लेकीच्या हातून.

राहिलं तुझ्या वडिलांचं बायबल. उघडवत नसेल तर उघडू नकोस. पण ते कपाटातून काढ आणि मुलांना दिसेल असं टेबलावर ठेव. तुझ्या वडिलांनी त्यात नक्कीच कुठे कुठे पेन्सिलीने रेघा मारल्या असतील. एक दिवस लेक विचारेल, "आजोबांनी इथे रेघ का मारली?" तेव्हा तिच्या शेजारी बस, आणि ती ओळ तिलाच वाचू दे. मराठी वाचायला ती अडखळेल. तिला अडखळू दे.

तुझी,
मावशी